अर्ध्या शटरची तक्रार मीच केली होती. आता सांगावं का?

मॅचिंगवाला, सांगली

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. प्रश्न धंद्यातला आहे की घरातला, मलाच कळेना, त्यामुळं थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

आमचं सांगलीत पेठेत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, रिळं, लेस, बटणं. भिंतीला भिंत लागून एका काकांचं साड्यांचं दुकान. नातं काही नाही, पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि त्यांनी एकाच वर्षी गाळे घेतले, म्हणून लहानपणापासून काकाच. साडी त्यांच्याकडं घ्यायची आणि तीच पिशवी घेऊन बाईनं आमची पायरी चढायची, हा पंचवीस वर्षांचा रिवाज. थोडे ब्लाउज पीस तेही ठेवायचे. त्यावरनं आमच्यात कधी शब्द झाला नाही.

एप्रिल 2021 आठवा, कोरोनाची दुसरी लाट. 4 तारखेला, रविवारी, टीव्हीवर सांगितलं की रात्री संचारबंदी आणि शनिवार-रविवार कडक बंद. आम्ही म्हटलं, चला, पाच दिवस तरी मिळतायत. सोमवारी आदेश वाचला तर अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं 30 तारखेपर्यंत बंद! लोक बंदला चिडले नव्हते हो, या प्रकाराला चिडले. पाडवा आठवड्यावर. लग्नसराईचा माल फेब्रुवारीतच भरलेला, सुरतचा व्यापारी रोज फोन करतोय. आमच्या गल्लीतले वीसेक जण दुकानांपुढं पुठ्ठे धरून उभे राहिलो, अंतर राखून. माझ्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "दोरा अत्यावश्यक नाही, मग बटण तुटल्यावर काय करायचं?" काकांनीच सुचवलं होतं ते.

मग 14 तारखेच्या रात्री आठपासून कलम 144 लागलं. 22 पर्यंत आणखी आवळलं. किराणा-भाजी सकाळी सात ते अकरा, लग्न दोन तासांत आणि पंचवीस माणसांत. पण पंचवीस माणसांतली असली तरी नवरीला साडी लागतेच की. काकांनी अर्धं शटर चालू केलं. शटर गुडघ्याएवढं वर, आत एकच ट्यूब, बाहेर स्टुलावर कामाचा पोरगा मोबाइलमध्ये तोंड घालून. गिऱ्हाईक आधी फोन करायचं, मग वाकून आत.

अण्णांना 19 तारखेला ताप आला. 23 ला ऑक्सिजन 86. रात्रभर फोन करून मिरजेत एक बेड मिळाला. मी रस्त्याकडेला गाडीत झोपायचो. 27 ला अंघोळीला घरी आलो. घर दुकानावरच्या माडीवर आहे. खिडकीतनं खाली बघतो तर आमची वर्षानुवर्षांची एक गिऱ्हाईक बाई दोन पोरींना घेऊन काकांच्या शटरखालनं बाहेर पडतेय, आणि हातातल्या पारदर्शक पिशवीत घडी घातलेले ब्लाउज पीस. मी फोटो काढला आणि बंद मोडणाऱ्यांना दंड करणाऱ्या पथकाच्या व्हॉट्सॲपवर टाकला.

अर्ध्या तासात गाडी आली. दहा हजारांची पावती आणि सात दिवस सील.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अण्णांच्या काळजीपोटी केलं. इथं मला कोण ओळखत नाही म्हणून लिहितो. त्या क्षणी पहिल्यांदा डोक्यात आलं ते हे की, ते पीस माझ्याकडचे गेले असते. अण्णा त्यानंतर आले.

अण्णा वाचले. मे महिन्याच्या मध्याला घरी आले, पुढं दोन महिने काँसन्ट्रेटर. ते मशीन काकांच्या मेव्हण्याकडनं मिळालं.

आता खरी अडचण. काकांनी तेव्हाच ठरवून टाकलं की तक्रार समोरच्या बांगडीवाल्या मामांनी केली. समोर दुकान, म्हणजे फोटो तिथूनच निघणार. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मामांच्या मुलीच्या लग्नाला काका गेले नाहीत. गल्लीच्या गणपतीची मीटिंग असली की एक आला की दुसरा उठतो.

यंदा काका दुकान आवरतायत, मुलगा बंगळूरला आहे. गाळा मलाच देतो म्हणाले, "मधली भिंत पाड आणि मोठं कर." लाकडी रॅकचे 22,000 ठरले, गाळ्याची अनामतही मी दिली. अण्णा रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसतात आणि काकांबरोबर कटिंग घेतात. त्यांना यातलं काही माहीत नाही.

सांगावं का? सांगायचं तर आधी कुणाला?


वसुली खात्यातला

मी तुमच्या जिल्ह्यातला नाही, पण त्या काळात एका नगरपालिकेच्या पथकात होतो. मूळ काम घरपट्टीचं. आमच्या गाडीत एक शिक्षकही होता. सकाळी मोबाइलवर सातवीचे तास घ्यायचा आणि दुपारी आमच्याबरोबर पावत्या फाडायचा.

अनोळखी माणसाची तक्रार क्वचित यायची. चपलवाल्याची करायचा चपलवाला, भांडीवाल्याची भांडीवाला. नंतर किराणावाल्यांनी बनियन, वह्या, स्लिपर असं सगळं काउंटरवर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र सगळे मिळून त्यांच्यावर तुटून पडले. त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही.

एक गोष्ट सांगतो, बाहेर कुणाला ठाऊक नसेल. आम्ही वळणावरच हॉर्न द्यायचो. धाडधाड शटर पडल्याचा आवाज आला की गाडी पुढं. आम्हालाही त्याच गावात राहायचं होतं. पण फोटोसकट तक्रार आली, आणि ती साहेबांच्या ग्रुपवर गेली, की डोळेझाक करता यायची नाही. पावती फाडायलाच लागायची.

माझा सल्ला, गप्प बसा. काका जातायत, विषय संपतोय.


बार्शीचा कारागीर

साहेब, तुमच्या हॉर्नचं कौतुक नंतर करू. मी सलूनवाला. माझं शटर 22 मार्च 2020 ला पडलं ते 28 जूनला उठलं. चौदा आठवडे. उठलं तेही कसं, तर केस कापायचे, दाढीला हात लावायचा नाही! गिऱ्हाईक खुर्चीत बसून विचारायचं, "अर्धं तोंड करतोस आणि अर्धं सोडतोस होय?" मी म्हणायचो, सरकारला विचार. त्याआधी त्याच मे महिन्यात दारूच्या दुकानापुढं चुन्यानं चौकोन आखून रांगा लावल्या होत्या. आम्ही आमच्या संघटनेतर्फे निवेदन द्यायला गेलो तर साहेबांचे केस कानावर आलेले. आमच्यातला एक जण मागं हळूच बोलला, "यांना तरी अत्यावश्यक वाटायला पाहिजे होतं."

अर्धं शटर म्हणजे काय हे मला विचारा. मला तर तेही जमत नव्हतं, कारण आरसा बाहेरनं दिसतो. पिशवीत मशीन, कात्री, वस्तरा घालून पहाटे पाचला लोकांच्या घरी जायचो. एका घरी परसात म्हशीशेजारी खुर्ची टाकून तिघा भावांची कटिंग केली. पोलिसानं एकदा अडवलं, पिशवी उघडली, बघितलं आणि म्हणाला, "उद्या क्वार्टरला ये." गेलो. पैसे दिले नाहीत, पण पुढं अडवलं नाही.

तुमच्या काकांनी हौसेनं शटर वर केलं नव्हतं. त्यांना तुम्ही सांगाच. दहा हजार म्हणजे तेव्हा काय होतं ते तुम्हाला दुकानदार म्हणून माहीत आहे.


माई, पुणे

मी निवृत्त शिक्षिका. माझं लिहिणं विषयाला सोडून वाटलं तर माफ करा.

तुमच्या काकांच्या पावतीमागचा कायदा 1897 चा. प्लेग मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात आला, पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला, आणि तोच कायदा राज्यानं 13 मार्च 2020 ला लागू केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधत. माझ्या आजेसासूबाई सांगत की त्यांच्या वाड्यात एका तापकरी मुलीला बळदात लपवलं होतं आणि बाहेर बायका मोठमोठ्यानं जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या, ती खोकली तर ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या, 10 मार्च 1897 ला. म्हणजे एकाच शहरात कुणी रोगी लपवत होतं आणि कुणी पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत होतं. दोघांनाही माणूस वाचवायचा होता.

22 जूनला रँडवर गोळी झाडली ते सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना 1899 च्या फेब्रुवारीत घराबाहेर बोलावून मारलं. खबर देणाऱ्याला आपल्याकडे कधी विसरत नाहीत.


रंकाळ्याचा वारा

माई, पोराला सल्ला द्यायचाय, गोळी घालायची नाही.

मॅचिंगवाले भाऊ, एकच विचारतो, रागावू नका. 2020 ला तुमचं स्वतःचं शटर किती वर होतं?


मॅचिंगवाला, सांगली

रंकाळा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

इस्लामपूरला पहिले पेशंट सापडले तेव्हापासून आमच्या जिल्ह्यावर सगळ्यांचा डोळा. पहिले दोन महिने आम्ही खरोखर घरात बसलो. पण मास्क शिवायला घरोघरी सुरुवात झाली आणि इलास्टिक कुठं मिळेना. बचत गटाच्या बायका फोन करायच्या, "दादा, पाव इंची आहे का?" आमच्याकडं माळ्यावर पांढऱ्या इलास्टिकचे रोल पडून होते. दोन-तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं, जागा अडवतात म्हणून अण्णा ते टाकून देणार होते. ते आठ दिवसांत संपले. सगळे मागच्या दारानं.

जूनमध्ये सम-विषम आलं, एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती. आम्ही आणि काका एकाच बाजूला, त्यामुळं दोघांनाही एक दिवसाआड सुट्टी. सुट्टीच्या दिवशी अण्णा अर्धं शटर करायचे. काका कोपऱ्यावर पानपट्टीच्या बंद टपरीला टेकून उभे. पथक दिसलं की अण्णांना मिस्ड कॉल. रिंग एकदा वाजली की शटर खाली. महिनाभर तरी चाललं हे. चांगले पैसे झाले आम्हाला तेव्हा, खोटं कशाला बोलू. काकांनी त्यातला रुपया मागितला नाही, त्यांची स्वतःची साडी तर तेव्हा कुणी घेतही नव्हतं.

2021 ला त्यांच्या कोपऱ्यावर उभं राहायला कुणी नव्हतं. अण्णा मिरजेत होते.


आशा, मु.पो.

मी आशा वर्कर आहे, गावाचं नाव लिहीत नाही.

आमच्या गावात कुणाच्या दारावर स्टिकर लागला, की घरचे म्हणायचे हिनंच नाव कळवलं. अर्ध्या वेळेला नाव वरनंच यायचं, लॅबमधनं. मी फक्त कागद घेऊन जायचे. एका घरानं मला पाणी दिलं नाही, मास्तरणीच्या घरी जाऊन प्यावं लागलं. ऑक्सिमीटर बोटाला लावून देत नव्हते, म्हणायचे, त्यातनंच पसरतोय. 2021 च्या जूनला आम्ही संपावर गेलो तेव्हा त्याच घरातली सून विचारत आली, "ताई, आता सासूचा ऑक्सिजन कोण बघणार?"

इथं सगळे काकांचं बोलतायत. काकांचे दहा हजार गेले, सात दिवस गेले, ते परत कमावले असतील. मामांचं काय गेलं ते बघा. न केलेल्या गोष्टीसाठी भर गल्लीत मान खाली घालून चालायचं, आणि "मी नाही हो" म्हणावं तर लोक अजून हसतात. मला ते दोनच वर्षं भोगावं लागलं. मामांना किती झाली?

आधी मामांकडं जा. काका, अण्णा नंतर.


वसुली खात्यातला

ताईंचं वाचून माझा सल्ला मागं घेतो.


बार्शीचा कारागीर

साहेबांनी पहिल्यांदाच पावती रद्द केली. नोंद घ्यावी.


मॅचिंगवाला, सांगली

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितोय, कारण मध्ये बरंच झालं.

ताईंचं ऐकून आधी मामांकडं गेलो. दुपारी दीडची वेळ, गिऱ्हाईक नसतं. मामा बांगड्यांच्या खोक्यांवर मार्करनं माप लिहीत होते. सांगितलं सगळं. ते लिहीतच राहिले. दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. मग म्हणाले, "मला वाटलेलंच तू असशील." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "बोललो असतो तर मी तक्रारखोर तर होतोच, वर चुगलखोर झालो असतो." आणि वर, "मी त्याच्याकडं यायचा नाही. तू एकटा जा."

अण्णांना रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताट पुरं केलं. नंतर दोन दिवस गल्ल्यावर आले नाहीत, दम लागतोय म्हणाले. आईनं बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, 96 होता. तिसऱ्या दिवशी आले, पण माझ्याकडची किल्ली मागून घेतली आणि दुकान स्वतः उघडलं. अजून स्वतःच उघडतात.

काकांकडं जाताना वाटलं होतं, ओरडतील. ते आवराआवर करत होते. 2021 च्या जुलैत पाणी पेठेत घुसलं होतं, त्याची रेघ त्यांच्या रॅकवर अजून दिसते, कमरेएवढी. तेव्हा त्यांचा माल आमच्या माडीवर आणि आमचाही तिथंच, रात्रभर आम्ही तिघांनी गठ्ठे वाहिले होते. म्हणजे तक्रार करून तीन महिनेही झाले नव्हते, आणि मी त्यांच्या साड्या डोक्यावर घेऊन जिना चढत होतो. त्यानंतर ऑगस्टात राज्यभर वेळ वाढवली तरी सांगलीसकट अकरा जिल्ह्यांत शटर चारलाच पडायचं, तेव्हा आंदोलनात काका माझ्या खांद्यावर हात टाकून उभे होते. हे सगळं त्या रेघेकडं बघताना आठवलं आणि बोलायचं राहिलंच थोडा वेळ.

शेवटी बोललो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फोटो कुठनं काढलास?" मी म्हटलं, माडीच्या खिडकीतनं. ते बाहेर आले, वर खिडकीकडं बघितलं, मग समोर मामांच्या दुकानाकडं बघितलं, परत वर बघितलं. आत जाऊन पंखा बंद केला आणि म्हणाले, "बरं. जा आता."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा बंगळूरहून फोन. गाळा देत नाही, अनामत परत करतोय. त्याच दिवशी पैसे खात्यावर आले. गाळा आता मोबाइल कव्हरवाल्याला जातोय. भिंत राहिली.

मामा आणि काका अजून बोललेले नाहीत. काल संध्याकाळी काका रस्ता ओलांडून त्यांच्या दुकानापर्यंत गेले होते. एक गिऱ्हाईक बसलेलं होतं, ते बघून परत फिरले. आज बघू.

रॅक मात्र आज सकाळी हातगाडीवरून आले, सगळे, पुसून, रेघ घासून काढायचा प्रयत्न केलेला दिसतोय. बरोबर बिल. ठरलेले 22,000, बिल 32,000 चं.

अण्णांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचलं आणि माझ्यापुढं सरकवलं. मी जीपे केले.


बार्शीचा कारागीर

जीएसटी धरून की वेगळा?